कालची आरएक्स, आजची ड्यूक : मुलाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी

ईदच्या दुसऱ्या दिवशी मिरजेत आमच्या घरी सगळे पाहुणे जमले होते. शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या आणि ओट्यावर नेहमीचा विषय निघाला : गाड्या. माझे मेहुणे, म्हणजे मुलांचे मामू, जुन्या आरएक्स १०० चे मालक. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी ती गाडी जिवापाड जपली आहे. त्यांनी आपले ठरलेले वाक्य टाकले, "आमच्या आरएक्सची सर तुमच्या आजच्या एकाही गाडीला येणार नाही."

माझा मुलगा यंदा अठरा पूर्ण करतो आहे. तो हसून म्हणाला, "मामू, तुमची आरएक्स जिथे दम टाकते, तिथे ड्यूकचे तीन गिअर अजून शिल्लक असतात." मग हळूच माझ्याकडे वळून, "अब्बा, घेऊ या ना मग?"

मी काही बोलण्याआधीच दारातून त्याच्या अम्मीचा आवाज आला, "आधी तुझ्या अब्बांचा डावा खांदा बघ, मग गाडीचं बोल."

त्या खांद्याची गोष्ट पुढे येईलच. त्या दिवशी वाद अर्धाच राहिला. पण मामू खरे की भाचा खरा, हा प्रश्न आज अनेक घरांत आहे आणि त्याच्या उत्तरावर मुलाच्या हाती किल्ली द्यायची की नाही, कोणती द्यायची, हे ठरते. म्हणून थोडा हिशेब मांडून पाहू.

तेव्हाच्या वेगवान गाड्या

सत्तरच्या दशकात आपल्याकडे मोटारसायकल म्हटले की तीनच नावे होती. मद्रासची बुलेट, फरिदाबादची राजदूत आणि म्हैसूरची जावा, जी पुढे येझदी झाली. बुलेटची ताकद १८ अश्वशक्तीच्या आसपास आणि वजन १६० किलोच्या पुढे. ती रुबाबात चालायची, पण पळायची बेताचीच. येझदी रोडकिंगची ताकद सुमारे १६ अश्वशक्ती. किक आणि गिअर यांना एकच दांडी असलेली ही गाडी पळायला बुलेटपेक्षा चपळ होती.

१९८३ मध्ये राजदूत ३५० आली आणि सगळे चित्र बदलले. जपानच्या यामाहाची आरडी ३५० ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने भारतात बनवायला घेतली होती. दोन सिलिंडरचे ३४७ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर. जपानी मूळ गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. आपल्याकडे ती कमी करून ३०.५ केली, पुढे ॲव्हरेज वाढावे म्हणून २७ वर आणली. एवढे कमी करूनही गाडी ताशी १४० किलोमीटरच्या घरात जायची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या मारुती ८०० या चारचाकीची ताकद ४० अश्वशक्तीच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळी ही मोटारसायकल केवढी वाटली असेल याची कल्पना येते. मात्र जपानमध्ये तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे आली ती ड्रम ब्रेक घेऊन. वेग जवळपास परदेशातला, ब्रेक मात्र इथल्या इतर गाड्यांसारखाच.

ती महाग होती, पेट्रोल फार प्यायची आणि गावोगावी तिचे सुटे भाग मिळत नसत. १९९० च्या सुमारास ती बंद झाली. सामान्य घरातल्या तरुणाला वेगाची चव दिली ती १९८५ च्या शेवटी आलेल्या आरएक्स १०० ने. इंजिन जेमतेम ९८ सीसीचे, ताकद ११ अश्वशक्ती, पण वजनही शंभर किलोच्या आसपास. वजनाच्या मानाने पाहिले तर तिची ताकद साडेतीन पट मोठ्या इंजिनाच्या बुलेटच्या तोडीस तोड होती. त्यामुळे सिग्नल सुटला की आरएक्स पुढे आणि बाकीचे मागे. टॉप ताशी १०० च्या जवळपास. १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी आजही चांगल्या स्थितीतल्या आरएक्सला लाखाच्या घरात भाव सांगितला जातो.

आजचे आकडे

एप्रिल २००० पासून धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली हळूहळू बाजारातून गेल्या. फोर-स्ट्रोकचे दिवस आले. २००१ मध्ये पुण्याच्या बजाजने पल्सर आणली. २००८ मध्ये यामाहाची आर १५ आली. दीडशे सीसीचे इंजिन, पण पाण्याने थंड होणारे आणि कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारे. २०१३ मध्ये केटीएमची ड्यूक ३९० आली, तीही आपल्याच चाकणच्या कारखान्यात बनलेली. ३७३ सीसीचे एकच सिलिंडर, ताकद ४३ अश्वशक्ती, म्हणजे मूळ जपानी आरडीपेक्षाही जास्त. आताचे मॉडेल ३९९ सीसीचे असून ४६ अश्वशक्तीपर्यंत पोहोचले आहे.

म्हणजे सरळ आकड्यांत भाचा जिंकला. ताकद, टॉप, धूर, यांपैकी कशातही जुनी गाडी नव्या गाडीपुढे टिकत नाही. इतकेच काय, आपल्या मुली कॉलेजला नेतात त्या साध्या १२५ सीसी स्कूटरची ताकदही आज ८ ते १० अश्वशक्ती असते, म्हणजे आरएक्सपेक्षा थोडीच कमी. विजेवर चालणाऱ्या काही स्कूटर तर ताशी १०० च्या पुढे जातात आणि त्यांचा आवाजही येत नाही. मामूंच्या तरुणपणी जो वेग गावातल्या दोन-चार मुलांकडे होता, तो आज प्रत्येक घराच्या दारात उभा आहे.

मग मामूंना तसे का वाटते?

मामू खोटे बोलत नाहीत. त्यांना जे जाणवले तेच ते सांगतात.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन एकदा खाली जाऊन वर आला की एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये त्यासाठी पिस्टनला दोन फेऱ्या माराव्या लागतात. त्यामुळे लहान टू-स्ट्रोक इंजिनही झटक्यात ताकद देते. त्यातही ती ताकद सारखी येत नाही. सुरुवातीला गाडी शांत असते, ॲक्सिलरेटर पिळत गेले की एका ठिकाणी इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडी हातातून सुटल्यासारखी पुढे झेपावते. ज्याने ती झेप एकदा अनुभवली तो ती विसरत नाही.

शिवाय त्या गाडीवर सगळे अंग वेग भोगायचे. टाकी गुडघ्यांना झणझणायची, आरसे इतके थरथरायचे की मागचे काही दिसायचे नाही, सायलेन्सरचा आवाज कानात बसायचा. पुढचे टायर अडीच इंच रुंद, मागचे पावणेतीन. रस्त्यावरचा खडाही हातांना कळायचा. ताशी ८० ला माणूस घाबरून जायचा आणि आपोआप हात सैल करायचा.

आजची गाडी नेमके उलटे करते. ती ताशी १०० ला शांत असते. थरथर नाही, आरसा स्थिर, समोर फक्त एक आकडा बदलत राहतो. मागचे टायर १५० मिलिमीटर, आरएक्सच्या दुपटीहून रुंद. चालवणाऱ्याला वाटते आपण साठने चाललो आहोत. जुन्या गाड्या आपला वेग ओरडून सांगायच्या, नव्या गाड्या तो लपवतात. वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी दोघांनीही समजून घ्यावा असा फरक मला तरी हाच वाटतो.

माझा खांदा

आता त्या खांद्याविषयी. १९९३ च्या हिवाळ्यातली गोष्ट. साखर कारखान्यांचे गाळप जोरात होते. मी इस्लामपूरहून आष्ट्यामार्गे परत येत होतो. गाडी मित्राची, टू-स्ट्रोक. रात्रीचे आठ वाजले असतील. वय बावीस, डोक्यावर हेल्मेट नाही, हवा थंड, रस्ता मोकळा. काट्याने सत्तर दाखवले होते.

समोर उसाची ट्रॉली होती. तिला मागे लाल दिवा नव्हता, साधी चकाकणारी पट्टीही नव्हती. मला ती दिसली तेव्हा पंचवीसेक मीटर अंतर उरले होते. मी दोन्ही ब्रेक दाबले, मागचे चाक जाम झाले, गाडी आडवी पडली आणि मी घसरत गेलो. ट्रॉली पुढे निघून गेली. ट्रॅक्टरवाल्याला कळलेही नाही. डाव्या खांद्याचे हाड मोडले. डोके वाचले तो अल्लाहचा करम, त्यात माझी हुशारी काही नव्हती.

पुढे अनेक वर्षे मी त्या ट्रॉलीला शिव्या घालत होतो. मग एकदा कागदावर हिशेब केला. ताशी ७० म्हणजे सेकंदाला १९ मीटर. समोरचे डोळ्यांना दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे पंचवीसपैकी १९ मीटर ब्रेक लागण्याआधीच संपले होते. उरले सहा. सहा मीटरमध्ये ताशी ७० ची गाडी जगातला कोणताही ब्रेक थांबवू शकत नाही. दोष ट्रॉलीचा होताच. पण माझ्या दिव्याच्या उजेडात जेवढे दिसत होते, त्यापेक्षा जास्त वेगाने मी चाललो होतो. गाडीचा दोष नव्हता.

हाच हिशेब मी मुलाला करायला लावला. कोरडा रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक असे सगळे धरून ताशी ६० ला गाडी थांबायला सुमारे ३७ मीटर लागतात : १७ मीटर विचारात, २० मीटर ब्रेकमध्ये. ताशी १२० ला त्याचे उत्तर ७४ येईल असे त्याला वाटले. ते ११४ च्या आसपास आले. वेग दुप्पट झाला की विचारात जाणारे अंतर दुप्पट होते, पण ब्रेकचे अंतर चौपट होते. तो थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला.

नव्या गाडीचे खरे मोठेपण

इथे नव्या गाडीचा न्यायही केला पाहिजे. तिचे खरे मोठेपण टॉपमध्ये नसून थांबण्यात आहे. ड्रम ब्रेकमध्ये शू आतून दाबला जातो, उतारावर सतत दाबला तर तापतो आणि पकड कमी होते. पाण्यातून गाडी गेली तर ब्रेक थोडा वेळ लागतच नाही. डिस्क उघड्यावर असते, त्यामुळे लवकर थंड होते, लवकर कोरडी होते.

त्याहून मोठी गोष्ट एबीएस. चाकावरचा सेन्सर चाक जाम होत आहे का हे पाहतो आणि तसे झाले तर ब्रेकचा दाब सेकंदाला अनेक वेळा सोडतो-धरतो. चाक फिरत राहते, गाडी घसरत नाही, वळवताही येते. माझे मागचे चाक जाम झाले तसे या गाडीत झाले नसते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. त्याखालच्या गाड्यांना त्याच नियमाने किमान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागतील अशी सोय सक्तीची झाली.

पण विचारात जाणारा तो एक सेकंद एबीएस वाचवत नाही. आणि रस्ता तोच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे वेगासाठी बांधलेले रस्ते, तिथे दुचाकीला बंदी आहे. म्हणजे ४६ अश्वशक्तीची गाडी घेऊन आपली मुले जाणार कुठे? जिथे कुत्रे आडवे येते, रंग न दिलेला गतिरोधक असतो, उलट्या दिशेने टेम्पो येतो आणि हिवाळ्यात उसाची ट्रॉली असते, तिथेच.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातले नव्हते. हे सरकारी अहवालातले आकडे आहेत. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र विचार करून तज्ज्ञांनी सांगितले आहे.

चारशेचा वेग आणि एक घर

मुलाने मला मोबाइलवर केनान सोफुओग्लू यांचा व्हिडिओ दाखवला. तुर्कस्तानचे हे शर्यतपटू सुपरस्पोर्ट प्रकारात पाच वेळा जगज्जेते झाले. २०१६ मध्ये इझमितच्या आखातावरील उस्मान गाझी पुलावर त्यांनी कावासाकी निंजा एच२आर ही मोटारसायकल ताशी ४०० किलोमीटरपर्यंत नेली, तेही अर्ध्या मिनिटाच्या आत. मुलाचे डोळे चमकत होते.

मी त्याला उरलेली माहिती सांगितली. तो पूल तेव्हा वाहतुकीसाठी बंद ठेवला होता. ती गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नसलेली, फक्त शर्यतीसाठी बनवलेली होती. अंगात चामड्याचा पूर्ण पोशाख होता. आणि त्याच घरातले दोन भाऊ आधीच गेले होते. एक २००२ मध्ये रस्ते अपघातात, दुसरा २००८ मध्ये शर्यतीच्या सरावात. ज्या घराने वेगाचे एवढे मोल दिले, त्या घरातला माणूससुद्धा ४०० चा वेग गाठायला बाजारपेठेच्या रस्त्यावर आला नाही.

ज्याला खरोखर वेगाची आवड आहे त्याच्यासाठी आपल्या देशातही जागा आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला शर्यतीचे ट्रॅक आहेत. तिथे समोरून टेम्पो येत नाही.

घरी ठरवताना

आमच्या घरी मग दोन रात्री चर्चा झाली. त्यातून जे निघाले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

पहिले, वय आणि लायसन्स. गिअरच्या गाडीसाठी १८ पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "जरा दूध घेऊन ये" म्हणून किल्ली देणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरे, पहिली गाडी शिकण्याची असावी. लायसन्स मिळाल्या दिवशी ४६ अश्वशक्ती हातात देऊ नये. दीडशे सीसीच्या आसपासची, शक्यतो दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी एक-दोन वर्षे पुरे.

तिसरे, गाडी घराची आहे की एकट्याची, हे पाहावे. वेगवान गाड्यांची मागची सीट उंच आणि चिमुकली असते. दादीला दवाखान्यात नेता येईल का, अम्मीला बाजारात नेता येईल का? मागे बसणाऱ्या बाईची ओढणी किंवा बुरख्याचा पदर चाकात अडकून झालेले अपघात आपण सर्वांनी ऐकले आहेत. चाकाला जाळी आहे ना आणि पदर नीट खोचला आहे ना, हे पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये.

चौथे, हेल्मेट आयएसआय खुणेचे, दोन. आणि पट्टा लावलेला. आरशावर अडकवलेल्या हेल्मेटचा उपयोग आरशालाच.

पाचवे, ज्यांच्या घरी जुनी आरएक्स किंवा येझदी आहे त्यांनी तिला जपावे, पण ब्रेकचे शू, केबल आणि टायर नवे ठेवावेत. नक्षी शिल्लक असली तरी वीस वर्षांचे टायर दगडासारखे होते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरणही लागते.

शेवटी आमच्याकडे दीडशे सीसीची गाडी आली. मुलगा पहिले दोन दिवस थोडा नाराज होता. तिसऱ्या दिवशी मामू आरएक्स घेऊन आले आणि म्हणाले, "चल, ब्रेक मारून बघू." गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात त्यांनी विटेने रेघ ओढली. दोघांनी चाळीसच्या वेगाने येऊन त्या रेघेवर ब्रेक दाबायचे आणि गाडी कुठे थांबते ते पावलांनी मोजायचे. भाच्याची गाडी दर वेळी आधी थांबली. मामूंनी चार वेळा प्रयत्न केला, मग हेल्मेट काढून घाम पुसत म्हणाले, "थांबण्यात तुझी गाडी सरस, बाबा. मान्य."

परत येताना मुलगा मामूंच्या मागे चालला होता, चाळीसच्या वेगाने. मी ओट्यावर बसून बघत होतो. त्याच्या हेल्मेटचा पट्टा लावलेला होता.